डोकं चालू राहील असा तास

२०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच धडा दोन गटांना दोन पद्धतींनी शिकवला. एका गटाला अनुभवी प्राध्यापकाचं सफाईदार व्याख्यान मिळालं. दुसऱ्या गटाला तेच मुद्दे आणि तेच छापील कागद मिळाले, पण तिथे उदाहरणं आधी स्वतः सोडवून बघायची, शेजाऱ्याशी बोलायचं आणि मग प्राध्यापक उलगडून सांगणार, असा क्रम होता. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल केली. तास संपल्यावर चाचणी घेतली आणि सोबत हेही विचारलं, की तुम्हाला स्वतःला किती समजलंय असं वाटतं? चाचणीत स्वतः झटापट केलेली मुलं पुढे होती. आपल्याला जास्त समजलं असं वाटत मात्र होतं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना.

शाळेतलं शिकवणं सुधारू पाहणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष आधी नीट पचवावा, असं मला मनापासून वाटतं. आपण वर्गात डोकावतो तेव्हा काय बघतो? मुलं शांत आहेत, माना हलताहेत, वह्या भरताहेत, मधूनच हशा पिकतोय. मग आपण म्हणतो, तास रंगला. इंग्लंडमधले शिक्षण-संशोधक रॉबर्ट को यांनी २०१३ मध्ये अशा फसव्या खुणांची यादीच केली होती. मुलं कामात गढलेली आहेत, खूश आहेत, वर्गात शिस्त आहे, पाठ्यक्रम 'घेऊन झाला' आहे, निदान काही जणांनी तरी बरोबर उत्तरं दिली आहेत. हे सगळं असूनही कुणी काहीच नवं शिकलेलं नसू शकतं. वही फळ्यावरून उतरवून भरता येते आणि मान सवयीनं हलते.

मुलांच्या वर्गात गुंतण्याला संशोधक तीन पदर मानतात. जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि अॅलिसन पॅरिस यांनी २००४ मध्ये केलेली ही मांडणी आजही वापरात आहे. पहिला पदर वागण्याचा: मूल शाळेत येतं का, सांगितलेलं काम करतं का. दुसरा भावनेचा: त्याला इथं यावंसं वाटतं का, आपण या वर्गातले आहोत असं वाटतं का. तिसरा विचाराचा: समोरच्या गोष्टीवर त्याचं डोकं खरोखर चालतंय का, अडल्यावर ते वाट शोधतं की सोडून देतं.

पहिला पदर डोळ्यांना दिसतो, दुसरा चेहऱ्यावर उमटतो. तिसरा दिसतच नाही, आणि त्यामुळे बहुतेक मेहनत पहिल्या दोघांवर खर्च होते. रंगीत तक्ते, गाणी, खेळ, पडद्यावरचे व्हिडिओ, चांगल्या उत्तराला टाळ्या. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण 'आधी गोडी लावा, मग मुलं आपोआप शिकतील' हे आपण ज्या खात्रीनं म्हणतो, तेवढी खात्री बाळगण्यासारखा पुरावा नाही. कॅनडातल्या सुमारे दीड हजार मुलांच्या गणिताचा माग पहिलीपासून चौथीपर्यंत ठेवलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना गणित जमत गेलं त्यांची गोडी पुढे टिकली. नुसती गोडी असल्यानं पुढे गणित जमू लागलं, असं मात्र आकड्यांत दिसलं नाही. जमतंय असं जाणवलं की मूल टिकून राहतं, परत येतं, आणखी विचारतं. म्हणजे मुलांना गुंतवायचं असेल तर त्यांना जमेल असं शिकवणं हाच सगळ्यांत खात्रीचा रस्ता आहे.

लक्ष जातं कुठे?

एखाद्या क्षणी ज्या गोष्टींवर विचार चालू असतो त्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीला कार्यरत स्मृती म्हणतात. ती फारच छोटी असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची क्षमता साधारण सात तुकड्यांची मानली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती चारच्या आसपास आणली. ही स्मृती ओंजळीसारखी आहे. मावेल त्याहून जास्त ओतलं की वरचं तेवढंच सांडतं असं नाही, आधीचंही निसटतं.

आता एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश ही बेरीज घ्या. शिक्षकाला यात करण्यासारखं एकच काम दिसतं. नवख्या मुलाच्या डोक्यात मात्र एकाच वेळी बरंच काही धरावं लागतं: छेद वेगळे आहेत म्हणून सरळ बेरीज चालणार नाही, दोघांनाही चालेल असा छेद शोधायचा, तो सहा, मग पहिल्याचा अंश तीननं गुणायचा, दुसऱ्याचा दोननं, आणि शेवटी बेरीज फक्त अंशांची, छेदांची नाही. यात पाढे पाठ नसतील तर प्रत्येक गुणाकार स्वतंत्र जागा अडवतो. चौथ्या पायरीला पहिली विसरली जाते. मूल खिडकीबाहेर बघू लागतं आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, 'लक्ष देत नाही'. खरं तर त्यानं लक्ष दिलं होतं. ओंजळ भरून वाहिल्यावर देण्यासारखं लक्ष उरलं नाही.

ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात याच धाग्यावर काम केलं. त्यांना आणि ग्रॅहॅम कूपर यांना १९८५ मध्ये असं आढळलं, की बीजगणित नव्यानं शिकणाऱ्यांना एकामागून एक उदाहरणं सोडवायला लावण्यापेक्षा, आधी एक सोडवलेलं उदाहरण नीट वाचायला देऊन लगेच तसंच एक सोडवायला दिलं तर कमी वेळात जास्त जमतं. सोडवलेलं उदाहरण देणं म्हणजे मुलांना पांगळं करणं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. त्या उदाहरणातली एखादी पायरी झाकून 'इथे काय आलं असेल?' असं विचारलं, किंवा 'ही पायरी का घेतली असेल?' एवढंच विचारलं, की डोकं कामाला लागतं आणि बुडतही नाही.

उत्साही मंडळींना मी इथेच एक सांगेन. 'मुलांनी सगळं स्वतःच शोधून काढावं, शिक्षकानं बाजूला उभं राहावं' हे ऐकायला फार छान वाटतं. पण ज्याला विषयाचा गंधच नाही त्याला मोकळं सोडलं तर ते शोधत नाही, चाचपडतं. पॉल किर्शनर, स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि त्यावर मोठा वाद झाला. दुसऱ्या बाजूला सिंगापूरमध्ये मनू कपूर यांनी दाखवलं, की शिकवण्याआधी मुलांना एखाद्या अवघड प्रश्नाशी थोडा वेळ झगडू दिलं आणि त्यांच्या अर्धवट उत्तरांवरूनच नंतर संकल्पना समजावली, तर समज खोल जाते. मला या दोन्ही म्हणण्यांत फार भांडण दिसत नाही. झगडा थोडा वेळ चालावा, तो नेमक्या प्रश्नाशी असावा, आणि त्यानंतर शिक्षकानं स्वच्छ, पायरीपायरीनं समजावून सांगावं. समजावणं गाळलं तर झगडा फुकट जातो. झगडा गाळला तर समजावलेलं अडकवायला डोक्यात खुंटीच नसते.

मुलांचं लक्ष दहा-पंधरा मिनिटंच टिकतं, हे वाक्य शिक्षक-प्रशिक्षणात हमखास ऐकू येतं. त्यामागचा पुरावा तपासला तेव्हा तो फार कच्चा निघाला. २०१० मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातात बटणाचं यंत्र देऊन, लक्ष उडालं की दाबा, असं सांगितलं होतं. लक्ष तासाच्या सुरुवातीपासूनच अधूनमधून उडत होतं, बहुतेक वेळा मिनिटभर किंवा त्याहून कमी. प्रश्न विचारला किंवा प्रयोग दाखवला की ते कमी उडत होतं, आणि त्यानंतरच्या व्याख्यानातही थोडा वेळ कमीच उडत होतं. म्हणजे घड्याळाकडे बघून खेळ घालण्यापेक्षा, विचार करायला लावणारा प्रश्न वरचेवर यावा हे जास्त कामाचं.

कंटाळ्याचं दुसरं टोकही विसरू नये. न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम नटहॉल यांनी वर्षानुवर्षं मुलांना छोटे मायक्रोफोन लावून वर्गात खरंच काय घडतं याची नोंद केली. शिक्षक जे शिकवायला निघालेले असतात त्यातलं साधारण ४० ते ५० टक्के मुलांना आधीच ठाऊक असतं, असं त्यांना आढळलं. पण प्रत्येकाला ठाऊक असलेलं वेगवेगळं असतं. त्यामुळे एकाच वाक्याला एक मूल जांभई देतं आणि दुसरं गोंधळतं. मुलं एकमेकांच्या कानात कुजबुजत जे 'शिकवतात' त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, हेही त्यांच्या ध्वनिफितींत निघालं. शिक्षकाला यातलं काही ऐकू येत नाही.

ही दरी फार मोठी असेल तर वर्गात कितीही कसब दाखवलं तरी ते पुरत नाही. पाचवीत बसलेल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल, तर त्याच्यासाठी पाचवीचा प्रत्येक तास परक्या भाषेत चाललेला असतो. 'प्रथम' या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी कार्यक्रमात मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळेत काढून त्यांना जे येत नव्हतं तिथून शिकवायला सुरुवात केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले: मुलांचे गुण वाढले, आणि वाढीत मागे पडलेल्यांचा वाटा मोठा होता. पुढे यातूनच इयत्तेऐवजी प्रत्यक्षात काय येतं त्यानुसार मुलांचे गट करून रोज थोडा वेळ शिकवण्याची पद्धत अनेक देशांत पोचली. पोर्शन कितीपर्यंत आला, हे विचारण्याआधी मूल कितीपर्यंत आलंय हे विचारायला हवं.

'समजलं का?'

वर्गात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. त्याला एका सुरात 'होऽऽ' येतं आणि शिक्षक पुढे सरकतात. या 'हो'मधून एकाही मुलाबद्दल काहीही कळत नाही. ज्याला समजलं नाही त्याला आपल्याला समजलेलं नाही हेही अनेकदा कळलेलं नसतं, आणि कळलं असेल तर ते सगळ्यांदेखत सांगायची हिंमत नसते.

त्याच्या खालोखाल येतो हात वर करायला सांगणारा प्रश्न. पाच-सहा हात वर जातात, नेहमीचेच. त्यातला एक बरोबर उत्तर देतो आणि शिक्षकाला वाटतं वर्गाला आलं. बाकीच्यांनी तोपर्यंत विचार करणं थांबवलेलं असतं, कारण हात वर गेले की प्रश्न आपला राहिलेला नाही हे त्यांना अनुभवानं माहीत असतं. वर्गातलं डोकं बंद पडण्याची ही जागा आहे. सुधारणा सुरू करायची तर इथून करावी, असं माझं ठाम मत आहे. पैसा लागत नाही, अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, आणि फरक त्याच तासाला दिसतो.

सगळ्यांत सोपा बदल थांबण्याचा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते आणि उत्तर आलं नाही की स्वतःच बोलू लागत होते. त्यांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवल्यावर उत्तरं लांबली, कारणांसह येऊ लागली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि ज्यांना 'कच्चं' समजलं जात होतं तीही मुलं बोलू लागली. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून ती शांतता सोसायला मात्र सराव लागतो, हे शिक्षकांशी बोलताना दर वेळी जाणवतं.

दुसरा बदल: उत्तर सगळ्यांनी द्यायचं. प्रत्येकाच्या हातात पाटी असावी. प्रश्न विचारायचा, थांबायचं, सगळ्यांनी लिहायचं आणि एकदम वर धरायचं. आता शिक्षकासमोर चाळीस उत्तरं आहेत आणि कुणालाही दुसऱ्याच्या आड लपता येत नाही. प्रश्न मात्र नेमका हवा. उदाहरणार्थ, ०.३५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? जी मुलं पहिली संख्या लिहितात त्यांच्या डोक्यात '३५ सहापेक्षा मोठे' असं चाललेलं असतं. चुकीचं उत्तर थेट चुकीच्या विचाराकडे बोट दाखवतं. हाच प्रश्न ०.३५ आणि ०.६२ असा विचारला असता तर सगळ्या पाट्या बरोबर आल्या असत्या आणि गैरसमज तसाच दडून राहिला असता. असा एक प्रश्न शोधायला तयारीची दहा मिनिटं गेली तरी ती सत्कारणी लागतात.

मग त्या उत्तरांचं काय करायचं? हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी याचं एक साधं वेळापत्रक घालून दिलं. आपले विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड उदाहरणं सोडवतात, पण मोटार आणि ट्रक यांची टक्कर झाली तर कोण कुणावर किती बल लावतं अशा साध्या प्रश्नावर गडबडतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते तासाला असा प्रश्न घेऊ लागले. प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर ठरवायचं. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे जायचं. फारच थोड्यांचं बरोबर आलं तर पुन्हा शिकवायचं. आणि साधारण तीस ते सत्तर टक्क्यांचं बरोबर असेल, तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं. दोन-तीन मिनिटांच्या त्या गलक्यानंतर पुन्हा उत्तर घेतलं की बरोबर उत्तरं वाढलेली असतात. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. शिक्षक ते कधीच विसरलेले असतात.

अशा पद्धतींचा एकत्रित हिशोब रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये मांडला. ६२ अभ्यासक्रम आणि साडेसहा हजारांहून जास्त विद्यार्थी. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती भरून निघालं, हे त्यांनी मोजलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. ही मुलं शाळा-महाविद्यालयांतली मोठी मुलं होती, लहान इयत्तांना आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण प्रत्येकानं उत्तराला बांधून घ्यायचं, मग बोलायचं, हा गाभा कुठल्याही वयाला चालतो.

बांधून घेण्याचा आणखी एक फायदा आहे: कुतूहल. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये म्हटलं, की आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यावंसं वाटणारं यांच्यात फट दिसली की कुतूहल जागं होतं. काहीच माहीत नसेल तर फट दिसत नाही. म्हणून 'आज आपण प्रकाशसंश्लेषण शिकणार आहोत' या वाक्यानं कुणाचंही कुतूहल जागं होत नाही.

त्याऐवजी असं करून बघा. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट नावाच्या माणसानं एका मोठ्या कुंडीत माती वाळवून, तोलून भरली आणि विलोचं छोटं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं. आता मुलांना विचारा: कुंडीतली माती किती कमी झाली असेल? पाटीवर आकडा लिहा. बहुतेक मुलं मोठा आकडा लिहितात, कारण झाड मातीतून 'खातं' असं त्यांच्या मनात पक्कं असतं. मग खरा आकडा सांगा: साधारण ५७ ग्रॅम. वर्गात जी चलबिचल होते तिच्यावर पुढचा सगळा तास उभा राहू शकतो. हेल्माँट यांना वाटलं झाड पाण्यातून झालं. तेही अपुरंच होतं, कारण लाकडाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. एवढ्या चतुर प्रयोगानंतरही माणूस कुठे चुकला, हे शोधताना मुलांना विज्ञान कसं चालतं तेही दिसतं. आकडा आधी सांगून मग धडा सुरू केला असता तर तीच माहिती एका रेघेत संपली असती.

आठवण्याचं काम

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. याचा मुलांच्या गुंतण्याशी थेट संबंध आहे. मागचं विसरलेल्या मुलाला आजचं कळत नाही, आजचं न कळल्यानं उद्या ते आणखी मागे पडतं, आणि कधीतरी ते प्रयत्नच सोडतं.

उपाय म्हणून आपण पुन्हा वाचायला सांगतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली. सराव करताना प्रकारवारवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवारवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. कारण सरळ आहे. एका सरावसंचात सगळी उदाहरणं एकाच प्रकारची असली की कोणतं सूत्र लावायचं हा विचारच करावा लागत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच करावा लागतो.

तर तासाची पहिली पाच मिनिटं चार प्रश्नांना द्यावीत: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला, एक मागच्या इयत्तेतला. वही बंद. उत्तरं मुलांनीच तपासायची. गुण अजिबात नोंदवायचे नाहीत. गुण आले की आठवण्याची जागा भीती घेते, आणि मग शेजारच्या वहीकडे नजर जाते.

गुणांचं आणखी एक सांगायला हवं. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांच्या कामावर तीन प्रकारे प्रतिसाद दिला: काहींना फक्त गुण, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि रसही टिकला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदाच झाला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. शिक्षक रात्री बसून साठ वह्यांत मन लावून शेरे लिहितात आणि वर गुण देऊन ते शेरे स्वतःच वाया घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. शेरा आधी द्यावा, सुधारायला वेळ द्यावा, गुण द्यायचेच तर नंतर.

बक्षिसांनाही हेच लागू आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला आधीच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत ही मुलं, असं काही कबूल न केलेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. ज्या कामाची मुळीच आवड नाही तिथे सुरुवातीला बक्षिसानं ढकलायला हरकत नाही. आवड असलेल्या ठिकाणी ते मध्ये आणू नये.

एक गैरसमज शिक्षकांचा बराच वेळ खातो, त्याबद्दल थोडक्यात. काही मुलं 'बघून' शिकतात, काही 'ऐकून', काही 'करून', म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीनं शिकवावं, असं सांगितलं जातं. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा दावा तपासला आणि त्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांनी बघूनच शिकायचा असतो आणि कविता सगळ्यांनी ऐकायची असते. पद्धत विषय ठरवतो.

एकट्या शिक्षकानं किती करायचं?

वर लिहिलेलं सगळं एका शिक्षकाच्या खांद्यावर टाकलं तर दोन महिन्यांत तो थकून जुन्या वाटेला लागेल. पाहणी करणारे अधिकारी रंगलेला तास शोधत असतील, पालक भरलेल्या वह्या मोजत असतील आणि मुख्याध्यापकांना पोर्शनची तारीख हवी असेल, तर थांबून चाळीस पाट्या वाचणारा शिक्षक त्यांना मागे पडलेला वाटणार.

जपानमधल्या शाळांत शतकाहून जास्त काळ चालत आलेली एक रीत मला यावर सर्वांत शहाणी वाटते. तिथले शिक्षक एखादा अवघड पाठ मिळून आखतात: प्रश्न कोणता विचारायचा, त्यावर मुलं काय काय उत्तरं देतील, कोणती चूक बहुधा करतील. मग एक जण तो पाठ वर्गात घेतो आणि बाकीचे बघायला बसतात. ते शिकवणाऱ्याकडे बघत नाहीत. प्रत्येक जण दोन-तीन मुलांच्या जवळ उभा राहून टिपत जातो: या मुलीनं पहिली रेघ केव्हा लिहिली, काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं, कुठल्या मिनिटाला पेन खाली ठेवलं. नंतरच्या बैठकीत या नोंदी समोर ठेवून बोलणं होतं. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे टीका कुणा एकावर येत नाही. प्रश्नाचे शब्द बदलतात, एखादी आकृती आधी येते, एखादी गळते, आणि सुधारलेला पाठ बऱ्याचदा दुसरा कुणी शिक्षक दुसऱ्या वर्गावर घेतो.

कुठल्याही शाळेत हे दोन शिक्षकांपासून सुरू करता येतं. महिन्याला एक तास, आधी आखलेला एक प्रश्न, आणि मागे उभं राहून तीन मुलांच्या वह्यांवर नजर ठेवणारा एक सहकारी. मुख्याध्यापकांनी एवढंच करायचं, की त्या सहकाऱ्याचा तो तास मोकळा ठेवायचा आणि बैठकीसाठी अर्धा तास द्यायचा. निरीक्षणाच्या कागदावर शिक्षकाच्या आवाजाला, फळ्यावरच्या अक्षराला किंवा साहित्याच्या वापराला रकाना नसावा. तीन मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे दोन जागा पुरेत: कशावर विचार करत होता, आणि कुठे थांबला.